सहा सांगितली, अकरा निघाली

मी चिंचेची झाडं घेते. म्हणजे लाकूड नव्हे, झाडावरची चिंच. दसऱ्याच्या सुमाराला चिंचा हिरव्या आणि करंगळीएवढ्या असतात. तेव्हाच झाडाखाली जाऊन ठरवायचं, की फाल्गुनात यातून किती पोती निघतील. तेवढ्यांचे उक्ते पैसे मालकाच्या हातावर ठेवायचे, खोडाला चुन्याची दोन बोटं ओढायची आणि घरी यायचं. चुना लागलेल्या झाडाकडे मग दुसरा व्यापारी बघत नाही. पुढचे चार-पाच महिने वारा, माकडं आणि शाळेतून येणारी-जाणारी पोरं यांनी काय खाल्लं, काय पाडलं, ते माझ्या नशिबावर.

आमचं गाव सोनईच्या अलीकडे. लग्न होऊन आले तेव्हा गल्लीतल्या बायकांबरोबर मी दुसऱ्याची चिंच फोडायला बसायचे. फोडता फोडता माझ्या लक्षात आलं, की फोडणारीला मिळतात चिल्लर, आणि खरा पैसा त्याला, ज्याने झाड ओळखलं. मला स्वभावतःच कुणाच्या हाताखाली फार दिवस बसवत नाही. मी नवऱ्याला म्हटलं, तुमचा टेम्पो रिकामा उभा असतो तेव्हा माझी पोती आणा. तो म्हणाला, "भाडं कोन देनार?" मी म्हटलं, जेवता ना घरी? तेव्हापासून आमची भागीदारी सुरू आहे.

झाड ओळखायची माझी एक पद्धत आहे. बाकीचे व्यापारी रस्त्यावर मोटारसायकल उभी करून लांबूनच झाड बघतात. लांबून चिंच दिसते ती बाहेरची. खरा माल आत, पाल्याच्या पोटात असतो. म्हणून मी झाडाखाली गोणपाट टाकते आणि सरळ उताणी झोपते. एक फांदी निवडायची, तिच्यावरची चिंच मोजायची, मग तशा फांद्या मोजायच्या. पन्नाशीची बाई बांधावर पदर खोचून आडवी पडलीय म्हटल्यावर लोक हसतात. सुरुवातीला एका गावात तर मला चक्कर आली समजून कुणी कांदा आणला होता. पण माझा अंदाज चुकत नाही. फार तर अर्ध्या पोत्याचा फरक. नगरच्या मार्केट यार्डातला आमचा अडत्या माझ्या नुसत्या शब्दावर आगाऊ पैसे देतो. मला त्याचा अभिमान आहे आणि तो मी लपवत नाही.

आता स्वस्त घेऊन महाग विकणं यात पाप आहे का, हे मला लोक कधीमधी विचारतात. विचारणारे बहुतेक पगारदार असतात. मी म्हणते, अजिबात नाही. मालकाला सहा वाटतात आणि मला नऊ दिसतात, तर ती तीन पोती माझ्या पाठीला टोचलेल्या काट्यांची आहेत. त्यानेही झोपावं, त्यालाही दिसतील. मालक तरी कुठे खरं बोलतो? दीड पोत्याच्या झाडाला "गेल्या साली पाच निघाली" म्हणून देवाची शपथ घेणारे मी पाहिलेत. माझा नवरा घोडेगावच्या बाजारात म्हशींची ने-आण करतो, तो म्हणतो, "तिथं म्हशीचं वय खरं सांगनाऱ्याला लोक येड्यात काढत्यात." त्यांनी चढवायचं, मी उतरवायचं, मध्ये कुठेतरी चहा येतो आणि सौदा होतो. दोघांनाही माहीत असतं की समोरचा थापा मारतोय. त्याला मी खोटं समजतच नाही.

पण एकदा मी खरंच खोटं बोलले.

पाथर्डीच्या अंगाला एका गावात एक बाई आहेत, माझ्याच वयाच्या, एखादं वर्ष इकडे-तिकडे. नवरा-बायको दोघं ऊसतोडीला जातात. दसरा झाला की गाडी येते, आणि गाव अर्धं रिकामं होतं ते गुढीपाडव्यापर्यंत. चिंच पिकायच्या वेळी ही माणसं कुठल्या तरी कारखान्याच्या फडात असतात, त्यामुळे त्या भागातली झाडं जायच्या आधीच, हिरव्या चिंचेवर विकली जातात. स्वस्त जातात. दुसरा इलाज नसतो त्यांना. मी तिकडे जाते ती काही समाजसेवेला नाही.

या बाईंच्या घरामागे दोन झाडं आहेत, जुनी आणि डेरेदार. उसाचे पैसे नवऱ्याच्या हातात येतात, पण चिंचेचे पैसे बाईंचे, हा त्यांच्या घरातला पक्का नियम. पहिल्या वर्षी गेले तेव्हाच त्यांनी मला गोंधळात टाकलं. मी गोणपाटावरून उठले, पाठ झटकली, आणि आता ही बाई आकडा फुगवणार म्हणून तयारीत राहिले. तर त्या म्हणाल्या, "अक्का, मला यातलं काय कळत न्हाई. किती पोती निघतील, तुमीच सांगा."

मी सांगितलं. खरं सांगितलं, कारण दुसरं काही सुचलंच नाही. त्यांनी मान डोलावली, पैसे कनवटीला लावले आणि मला भाकरी-ठेचा खाऊ घातला. घासाघीस न करता झालेला तो माझा पहिला सौदा. परत येताना मला चुकल्याचुकल्यासारखं वाटत होतं. पुढे दोन-तीन वर्षं असंच चाललं. त्या विचारायच्या, मी सांगायचे, आणि तेवढीच पोती निघायची.

मग ते वर्ष आलं. पाऊस वेळेवर पडला होता, फुलोरा टिकला होता. मी झाडाखाली झोपले, वर बघितलं आणि पुन्हा पहिल्यापासून मोजलं. बाहेरून झाड साधंच दिसत होतं, पण आत नुसते घोस लागले होते. दोन्ही झाडांची मिळून अकरा पोती, एकही कमी नाही. त्यात अडत्याने आदल्याच दिवशी फोनवर सांगितलं होतं, या साली भाव चढणार आहे. मी आडवी पडल्या पडल्याच मनात टेम्पो भरायला लागले.

बाई शेजारी उकिडव्या बसल्या होत्या. त्या म्हणाल्या, "अक्का, आवंदा जरा नीट बघा. एक जुनी शिलाई मशीन हाय तालुक्याला, बोलून ठेवलीय. चिंचंचं पैसं पुरलं तर घेते. मग पुढल्या सालापासनं मी फडात जायची न्हाई. घरी बसून शिवनकाम करीन. किती दिसतंय?"

मी पाल्याकडे बघत म्हणाले, "सहा."

किती सोपं असतं ते. एक शब्द, तोही आडवं पडून. त्यांचा चेहरा मला दिसलाच नाही. "सहाच व्हय," एवढं त्या म्हणाल्या. थोड्या वेळाने म्हणाल्या, "मग न्हाई जमायचं. असू दे." मी सहा पोत्यांचे पैसे दिले, चुना ओढला, आणि त्या दिवशी ठेचा न खाता नुसतं पाणी पिऊन निघाले. दसऱ्यानंतर चार दिवसांत त्या कोयता घेऊन गाडीत बसल्या.

फाल्गुनात झाडं झोडली. अकरा पोती निघाली. नवरा टेम्पोत पोती रचत होता, सातव्या पोत्याला त्याने माझ्याकडे पाहिलं. त्याला मी आकडा सांगितला होता, पण मशीनचं सांगितलं नव्हतं. घरी आल्यावर तेही सांगितलं. तो म्हणाला, "मग ह्यात काय, धंदा हाय." मी म्हटलं, तेच तर. धंदा आहे. वारा सुटला असता तर? माकडांची टोळी आली असती तर? मी चार-पाच महिने जोखीम घेतली. तो म्हणाला, "मी कुठं काय म्हनलो?" मी म्हटलं, मग असं बघताय काय? त्यावर तो उठून म्हशीला पाणी दाखवायला गेला. खाई त्याला खवखवे म्हणतात ते चिंचेच्या व्यापारणीला कुणी समजावून सांगायला नको.

दरवर्षी ज्या फरकाने मला गुदगुल्या व्हायच्या, तोच या वेळी गोड लागेना. मी पुष्कळ विचार केला. भाव करणाऱ्या माणसाला मी फसवते तेव्हा तोही मैदानात उतरलेला असतो. या बाई मैदानात उतरल्याच नव्हत्या. त्यांनी तराजूवर माल ठेवावा तसा माझ्यावर भरवसा ठेवला होता, आणि मी काट्याला बोट लावलं. हे कळायला मला पैसे मोजून झाल्यावर दोन महिने लागले.

पुढच्या दसऱ्याला मी गेले ती ठरवूनच गेले, की फिटंफाट करायची. पण कशी? "बाई, मी खोटं बोलले" असं तोंडाने म्हणायला मला जमत नाही. नवऱ्याशी भांडण झालं तरी मी माफी मागत नाही, पुरणपोळी करते. इथेही मी पुरणपोळीचाच मार्ग काढला.

चिंचेचं एक आहे. एक साल भरभरून आली की पुढच्या सालाला झाड दम खातं. मी झाडाखाली झोपले, वर बघितलं, चार पोती होती. कशीबशी चार. बाईंनी नेहमीसारखं विचारलं. गेल्या वर्षीचा शब्दही काढला नाही. मला वाटलं, अकरा निघाल्याचं त्यांना कळलंच नसेल, बरं झालं. मी म्हणाले, "आठ."

त्या एकदम उठून उभ्या राहिल्या. "आठ? मग मशीन झाली माझी," म्हणाल्या. त्या दिवशी मला भाकरीबरोबर गुळाचा खडाही मिळाला. परत येताना मी गाणं गुणगुणत होते. नवऱ्याने विचारलं आणि मी सांगितलं, तेव्हा त्याने टेम्पो बाजूला घेतला. "गेल्या साली चोरी केलीस, ह्या साली दान केलंस," तो म्हणाला. "आता पुढल्या साली जरा धंदा कर."

खरंच सांगते, मी फार खूश होते. त्या साली मुकादमाकडून आगाऊ उचल घेतलेली असल्याने बाईंना फडात जावंच लागलं, पण जाण्याआधी त्यांनी मशीन आणून घरात ठेवली आणि वर गोधडी झाकून कुलूप लावलं, हे त्यांनी मला फोन करून सांगितलं. फाल्गुनात चार पोती निघाली. मी तोटा सोसला आणि विषय संपला असं समजले.

पाडवा झाला आणि बाईंचा फोन आला. आवाजात काळजी होती.

"अक्का, पुढल्या पंधरवड्यात आमच्या गावात डोळ्याचं शिबिर हाय. शाळंत. फुकट हाय. तुमचं नाव दिलंय मी."

"माझं? कशाला?"

"कशाला म्हंजी? गेल्याच्या गेल्या साली तुमी सहा म्हनला, अकरा निघाली. शेजारनीनं फोनवर सांगितलं मला. मी मनात म्हनलं, हुतं एखांद्या वक्ताला. आन आवंदा आठ म्हनला, तर चारच. अक्का, तुमाला दिसत न्हाई नीट. दिसेना तर धंदा कसा करनार तुमी? मी चार जनींनाबी इचारलं, त्या म्हनल्या मोतीबिंदूच असनार."

त्यांना पहिल्यापासून माहीत होतं. अकरा निघाल्याचं वर्षभर माहीत होतं, आणि एकदाही त्यांच्या मनात आलं नाही की ही बाई खोटं बोलली असेल. माझे डोळे गेले हे त्यांना जास्त पटलं.

आणि चार जणींना विचारलं होतं. पाथर्डीच्या त्या पट्ट्यात चार जणींना विचारलं म्हणजे दवंडीच पिटली. आठवड्यातच पलीकडच्या गावातल्या एका मालकाने मला बघताच हाताची बोटं दाखवून "किती?" असं विचारलं. मग अडत्याचा फोन आला, की ताई, तब्येत बरी आहे ना, पुढच्या हंगामाची उचल जरा झाडं बघून मग ठरवू. माझी सगळी इस्टेट म्हणजे माझा अंदाज. खोटं बोलले म्हणावं तर शब्द गेला, गप्प बसावं तर नजर गेली. इकडे आड, तिकडे विहीर, आणि दोन्ही मीच खणलेली.

शिबिराला गेले. काय सांगायचं ते ठरलं नव्हतं. शाळेच्या व्हरांड्यात बाई माझी जागा धरून बसल्या होत्या. मला हाताला धरून पायरी चढवली. मी चांगली धडधाकट बाई, झाडावर चढणाऱ्या गड्यांना खालून शिव्या घालणारी, आणि मला "हळू, इथं उंबरा हाय" म्हणून आत नेलं. त्यांचा स्वतःचा नंबर माझ्या नंतर होता. माझा आधी लावला होता, कारण माझं काम नजरेचं.

आतला डॉक्टर पोरसवदा होता. त्याने भिंतीवरची अक्षरं वाचायला लावली. मी शेवटच्या ओळीपर्यंत वाचली, आणि खाली छापखान्याचं बारीक नाव होतं तेही वाचलं. तो म्हणाला, "मावशी, तुमची लांबची नजर माझ्यापेक्षा चांगली आहे." बाई दारात उभ्या राहून ऐकत होत्या. त्या पुढे येऊन म्हणाल्या, "डाक्टर, नीट बघा. हिला झाडावरची चिंच दिसत न्हाई." डॉक्टरने पुन्हा बॅटरी मारून पाहिलं. "आज्जीसुद्धा दिसत नाहीत अजून, कसला मोतीबिंदू," तो म्हणाला.

आम्ही व्हरांड्यात येऊन बसलो. बाई खरोखर बुचकळ्यात पडल्या होत्या. "मग चुकलं कसं?" त्यांनी विचारलं.

मी म्हटलं, "चुकलं न्हाई. मला अकराच दिसली हुती. मी सहा सांगितली."

एकदा सुरू झाल्यावर मला थांबवेना. "आन आवंदा चार दिसली, ती मी आठ सांगितली. तुमची मशीन व्हावी म्हनून."

मला वाटलं होतं, पहिल्या वाक्याला त्या चिडतील आणि दुसऱ्याला निवळतील. झालं उलटं. सहावर त्या नुसत्या गप्प झाल्या होत्या. आठवर त्यांचा चेहरा उतरला. "म्हंजी ती मशीन तुमी दिली व्हय?" त्या म्हणाल्या. "मी गावभर सांगितलंय, माझ्या झाडाच्या पैशानं घेतली म्हनून. नवऱ्याला सांगितलंय. आता काय सांगू, धर्माची हाय?"

माझ्या हे ध्यानातच आलं नव्हतं. फसवताना त्यांचं पैशाचं नुकसान झालं होतं, आणि भरपाई करताना मी त्यांची मानाची वस्तूच काढून घेतली. मी चपलेच्या पट्ट्याशी खेळत बसले.

बाई मात्र तोंडातल्या तोंडात पुटपुटत होत्या. बोटांची पेरं मोजत होत्या. मग एकदम माझ्याकडे वळल्या. "थांबा की. सहा सांगितली, अकरा निघाली. म्हंजी माझी पाच पोती तुमच्याकडं ऱ्हायली. बरुबर? आन आवंदा आठाचं दिलं, चार निघाली. म्हंजी चार परत आली. मग दान कसलं? अजून एक पोतं तुमच्याकडंच हाय."

मी हिशोब करून पाहिला. बरोबर होता.

"म्हंजी मशीन माझीच," त्या म्हणाल्या, आणि पाय पसरून टेकून बसल्या.

मी कमरेची पिशवी काढून एका पोत्याचे पैसे मोजले. खरं बोलायची सवय नसली की एकदा सुरू झाल्यावर कुठे थांबावं तेही कळत नाही. मी म्हटलं, "बाई, तसं बघितलं तर त्या साली भाव चढा हुता, म्हंजी एका पोत्यापेक्षा जादाच निघतं—" त्यांनी हात वर केला. "बास करा अक्का, खरं लई झालं आता." आणि आम्ही दोघी इतक्या हसलो, की आतून कुणीतरी येऊन गप्प बसायला सांगितलं. मी म्हटलं, जाऊ द्या, चार जणींना सांगा आता की डोळे चांगले आहेत. त्या म्हणाल्या, "सांगते. बाकीचं न्हाई सांगत."

थोडा वेळ त्या नोटा सारख्या करत बसल्या. नोटांकडेच बघत त्यांनी विचारलं, अगदी सहज, भाजीचा भाव विचारावा तसं, "अक्का, मशीन एक साल आधी आली असती तर आवंदा मी फडात गेले नसते. तेवढा ऊस मी जादा तोडला. त्याची किती पोती धरायची?"

रागाने विचारलं असतं तर मी काहीतरी बोलले असते. त्या खरंच विचारत होत्या, झाडाखाली विचारायच्या तशा, मला यातलं कळतं असं धरून. मी त्यांच्या हातांकडे बघितलं. बोटांवर कोयत्याचे घट्टे होते, आणि उजव्या अंगठ्याला चिरगुट गुंडाळलं होतं. मी म्हटलं, "मला न्हाई सांगता येत, बाई." हे मात्र खरं होतं.

"बरं," त्या म्हणाल्या.

तेवढ्यात त्यांचा नंबर पुकारला. त्या उठल्या, पदर सारखा केला, आणि नोटा आपल्या कापडी पिशवीत टाकून पिशवी माझ्या मांडीवर ठेवली. "धरा जरा," म्हणाल्या, "आत गर्दी हाय, कुनी मारायचं." आणि आत गेल्या. मी ती पिशवी दोन्ही हातांनी धरून बसले, त्या बाहेर येईपर्यंत.